दिसतो तिथे नसलेला मासा

पाण्यातला मासा जिथे दिसतो तिथे तो नसतो; थोडा खाली असतो. भामरागडकडच्या पोराला हे कळायला दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकापर्यंत थांबावे लागत नाही. हातात तीरकामठा आला आणि पहिले काही तीर माशाच्या पाठीवरून निघून गेले, की ते आपोआप कळते. आणि का गेले ते सांगायला बहुधा शेजारी बाप, काका नाहीतर मामा उभा असतो. तीराने किंवा भाल्याने मासा मारणे ही एकट्याने शिकायची विद्या नाही. या लेखात त्या विद्येच्या पोटात काय काय दडले आहे ते पाहू, कारण बाहेरून दिसते त्यापेक्षा ते पुष्कळ जास्त आहे.

आधी प्रदेश डोळ्यांपुढे आणू. गडचिरोली जिल्ह्यात भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम आहे. इंद्रावती तिथून छत्तीसगडच्या सीमेने वाहत सिरोंचा तालुक्यात सोमनूरजवळ गोदावरीला मिळते. पश्चिमेकडे वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ एकत्र येतात, त्यांची प्राणहिता होते आणि ती सिरोंच्याला गोदावरीत जाते. चंद्रपूर-गडचिरोली म्हटले की लोकांना वाघ, साग आणि बांबू आठवतो. पण हा मासे खाणाऱ्यांचाही मुलूख आहे. नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, मूल, सावली या पट्ट्यात माजी मालगुजारी तलाव आहेत, म्हणजे लोकांच्या तोंडातले मामा तलाव. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि ते सरकारकडे आले. तिथे आणि वैनगंगेवर ढिवर समाजाची जाळी चालतात. दक्षिणेच्या जंगलात गोंड आणि माडिया लोक शेती, वनोपज आणि मासे या तिन्हींवर मिळून वर्ष काढतात. माडिया गोंड ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक. बाकी दोन कातकरी आणि कोलाम.

रोजच्या कालवणाचा मासा जाळ्यातून येतो, गळाला लागतो, नाहीतर ओढ्याच्या तोंडाशी लावलेल्या बांबूच्या सापळ्यात सापडतो. तीर-भाल्याचा वाटा त्यामानाने लहान. तरी मला वाटते, नदीचे सगळ्यात बारीक ज्ञान या लहान वाट्यातच आहे. जाळे टाकणाऱ्याला मासा दिसला नाही तरी चालते. तीर मारणाऱ्याला तो दिसावाच लागतो, आणि दिसणे म्हणजेच इथली मोठी अडचण आहे.

प्रकाश पाण्यातून हवेत येताना वाकतो. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३. माशाच्या अंगावरून निघालेला किरण पृष्ठभागावर येतो, तिथे लंबापासून दूर वळतो आणि आपल्या डोळ्यात शिरतो. डोळ्याला हे वळण ठाऊक नसते. तो किरण सरळच आला असे धरून चालतो, म्हणून मासा वर उचललेला दिसतो. अगदी डोक्यावरून, सरळ खाली पाहिले तर ६० सेंटीमीटर खोल असलेला मासा ४५ सेंटीमीटरवर आहे असे वाटते. पण तेव्हा काही बिघडत नाही, कारण भाला सरळ खाली गेला की माशावरच जातो. फक्त थोडा अधिक खोल घालावा लागतो.

खरा घोटाळा तिरके पाहताना होतो. समजा मासा ६० सेंटीमीटर खोल आहे आणि आपण लंबाशी ४५ अंशांचा कोन करून पाहतो आहोत. दिसतो त्या रेषेत तीर सोडला तर तो माशाच्या सुमारे २२ सेंटीमीटर वरून जाईल. नजर आणखी आडवी झाली, कोन ६० अंशांचा झाला, की चूक ३० सेंटीमीटरची होते. वीतभर रुंद मासा असला तरी एवढ्या चुकीत तो सहीसलामत सुटतो. म्हणून नियम असा की जितके आडवे पाहाल तितका नेम खाली धरा. किती खाली, हे मासा किती खोल आहे आणि आपण किती आडवे आहोत या दोन्हींवर ठरते. नदीवर कोणी गणित मांडत बसत नाही. हाताला ते अंगवळणी पडलेले असते, आणि तेच शिकायला वर्षे जातात.

यावर साधा उपाय सुचतो तो उंच उभे राहण्याचा. खडकावर चढावे, पाण्यावर झुकलेल्या फांदीवर बसावे, म्हणजे नजर उभी होईल आणि चूक कमी होईल. पण इथे माशाची बाजू मध्ये येते. माशालाही वर दिसते, आणि त्याला दिसणारे जग विलक्षण आहे. पाण्याखालून वर पाहिले तर बाहेरचे सारे जग, एका क्षितिजापासून दुसऱ्या क्षितिजापर्यंत, डोक्यावरच्या एका वर्तुळात कोंबलेले दिसते. या वर्तुळाचा कोन सुमारे ९७ अंश असतो. त्याच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा वागतो आणि त्यात नदीचा तळच उलटा दिसतो. हे पूर्ण आंतरिक परावर्तन. काठावर उभा असलेला माणूस त्या वर्तुळात, आहे त्याहून अधिक उंचावर दिसतो. तीन मीटर अंतरावर, दीड मीटर उंचीवरचे आपले डोके क्षितिजापासून २७ अंशांवर असते. माशाला ते ४८ अंशांवर दिसते. म्हणजे आपण त्याच्या डोक्यावर जवळजवळ वाकलेलेच.

आता तोच माणूस उकिडवा बसला आणि त्याचे डोके ६० सेंटीमीटरवर आले, तर तो त्या वर्तुळाच्या अगदी कडेला सरकतो. तिथे सगळे चिरडून बारीक झालेले असते. क्षितिजालगतच्या ११ अंशांतले जग माशाच्या नजरेत जेमतेम एका अंशात मावते. शिवाय इतक्या आडव्या कोनातून येणाऱ्या प्रकाशाचा जवळपास एक तृतीयांश भाग पृष्ठभागावरूनच परत फिरतो. बसलेला माणूस माशाला जवळजवळ दिसतच नाही. पण त्याच बैठकीतून तीर सोडायचा म्हटले तर चूक सत्तेचाळीस सेंटीमीटरची होते, आणि इतका आडवा तीर पाण्यात शिरण्याऐवजी वरच्यावर घसरूनही जाऊ शकतो.

या विद्येतला खरा पेच मला हाच वाटतो. लपायचे तर खाली बसावे लागते आणि नेम धरायचा तर उंच व्हावे लागते. दोन्ही एकाच वेळी साधत नाही. म्हणून शिकारी बसून पुढे सरकतो, सूर्य समोर ठेवतो म्हणजे सावली मागे पडते, आणि जवळ पोचल्यावर इतका सावकाश उठतो की माशाला हालचाल जाणवू नये. दुसरी वाट म्हणजे आधीच उंचावर जाऊन बसायचे आणि मासे त्या स्थिर आकृतीला सरावेपर्यंत हलायचेच नाही. बगळा नेमके हेच करतो. आणि तिसरी वाट म्हणजे सोबत दुसरा माणूस असणे.

ही तिसरी वाट मी एकदा जवळून पाहिली. भामरागड तालुक्यात, होळी होऊन गेली होती, नदीचे पाणी तुटून जागोजागी डोह उरले होते. एका डोहावर मामा आणि भाचा आले होते. मामा साधारण चाळिशीचा, भाचा बारा-तेरा वर्षांचा. दोघे माडियात बोलत होते. सोबतचे शिक्षक मला अर्थ सांगत होते. मामा खडकावर पोटावर आडवा झाला, फक्त डोके कडेबाहेर. त्याला वरून डोह सरळ दिसत होता. भाचा खाली गुडघाभर पाण्यात, हातात बांबूचा भाला घेऊन. मामा बोटाने दाखवायचा आणि भाचा त्या दिशेला पाऊल उचलायचा; उचलायचा म्हणजे पाण्यातून पाय बाहेर काढायचा नाही, तळावरूनच सरकवायचा. एकदा पाय पाण्याबाहेर आला आणि खळखळ झाली, तशी मामाने मान हलवली, आणि दोघे बराच वेळ जागचे हलले नाहीत.

मग मामाने एक गोष्ट सांगितली ती मला कुठल्या पुस्तकात सापडली नव्हती. भाल्याचे टोक आधी पाण्यात घाल, मग मार. भाच्याने टोक हळूच पाण्याखाली नेले, माशाच्या रोखाने थोडे पुढे सरकवले आणि तिथून झटक्यात दाबले. मासा तळाच्या वाळूत भाल्यासकट रुतला. का लागला, हे मला घरी येऊन कागदावर किरण काढल्यावर कळले. भाला हवेत असेल तर त्याचे टोक आपल्याला खऱ्या जागी दिसते आणि मासा खोट्या जागी. पण टोक पाण्याखाली गेले की त्यालाही तेच वळण लागते. दोन्ही प्रतिमा एकाच रीतीने वर सरकतात, म्हणून टोक आणि मासा एकमेकांना भिडताना दिसले तर ते खरोखर भिडतात. नेम खाली धरण्याचा हिशेबच उरत नाही. अट एकच, की टोक शक्य तितके माशाजवळ न्यायचे आणि पाणी हलू द्यायचे नाही.

तीराला ही सोय नाही. तो हवेतूनच येतो. त्याची दुसरीही अडचण आहे. पाणी हवेच्या सुमारे आठशे पट दाट. हवेत सणसणत जाणारा हलका तीर पाण्यात शिरताच मंदावतो, आणि बांबू मुळात तरंगणारा. त्यामुळे तीराचा मासा उथळ पाण्यातला, आणि खोल मासा भाल्याचा. भाल्याला वजन असते, शिवाय तो हातातून सुटत नाही, मागून जोर देत राहता येतो. बांबू तरंगतो याचा मात्र एक फायदाही होतो. तीर लागलेला मासा पळाला तरी तीराचे शेपूट पाण्यावर डोलत राहते आणि मासा कुठे चालला ते दाखवते.

टोकाला उलटा काटा हवा. मासा गुळगुळीत असतो, धडपडतो, आणि सरळ टोकावरून सहज निसटतो. काट्याची ही कल्पना फार जुनी आहे. आफ्रिकेत काँगोच्या सेम्लिकी नदीकाठी कटांडा इथे हाडाची, काटे कोरलेली टोके सापडली आहेत. त्यांचे वय सुमारे ८० ते ९० हजार वर्षे धरले जाते, आणि त्यांच्यासोबत मोठ्या मांगूरवर्गीय माशांची हाडे मिळाली. आपल्याकडे चंद्रपूर शहराला लागून पापामिया टेकडीवर अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे सापडतात. त्या माणसाने मासे कसे मारले हे दगडांवरून सांगता येत नाही, कारण बांबू आणि लाकूड या मातीत टिकत नाही. पण शेजारी पाणी होते आणि जंगलात बांबू होता.

पाऊल सरकवण्यामागेही शास्त्र आहे. आपण काठावर बोललो तर आवाजाची जवळजवळ सगळी ऊर्जा पाण्याच्या पृष्ठभागावरूनच परत फिरते. पाण्यात शिरतो तो हजारातला एखादा भाग. म्हणून मामा-भाचे कुजबुजले तरी मासे बिचकत नाहीत. पाय आपटला तर मात्र तो धक्का जमिनीतून थेट पाण्यात जातो, आणि पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,४८० मीटर धावतो, हवेतल्या चौपटीहून जास्त. रोहू, कटला, मृगळ आणि शिंगाळा-मांगूर यांच्या वर्गातल्या माशांना तर ऐकण्याची खास सोय आहे. त्यांच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत लहान हाडांची एक साखळी असते, आणि ती पाण्यातला थरकाप कानाला पोचवते. याखेरीज सर्वच माशांच्या अंगावर दोन्ही बाजूंनी पार्श्वरेखा असते. तिला जवळच्या पाण्याची बारीकशी ढवळणही जाणवते. बोला, पण पाय वाजवू नका, असे नदीवरची म्हातारी माणसे सांगतात ते अगदी बरोबर आहे.

हा सगळा खेळ पाणी निवळ असेल तरच. जून-जुलैत पर्लकोटा दुथडी भरते, पूल पाण्याखाली जातो, आणि भामरागडचा संपर्क दरवर्षी तुटतो. तेव्हा पाणी गढूळ लाल असते, तीर-भाल्याला काहीच दिसत नाही. तो काळ चढणीच्या, म्हणजे प्रवाहाविरुद्ध वर जाणाऱ्या माशांचा, सापळ्यांचा. दिवाळीनंतर पाणी निवळू लागते, हिवाळ्यात तळ दिसतो, आणि उन्हाळ्यात नदी आटत जाऊन मासे डोहांत गोळा होतात. तीर-भाल्याचा हंगाम तो हाच.

आणि या हंगामाचा मानाचा मासा मरळ. प्राणहितेपलीकडच्या तेलंगणाने त्याच्याच एका जातीला राज्यमासा केले आहे. तिकडे त्याला कोर्रमीनू म्हणतात, आणि सिरोंच्याच्या बाजारातही हे नाव ऐकू येते. मरळाला कल्ल्यांवर भागत नाही. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक पोकळी असते, आणि दर थोड्या वेळाने तो वर येऊन तिच्यात हवेचा घोट भरतो. आटत्या डोहात, जिथे पाण्यातला प्राणवायू संपत आलेला असतो, तिथे तो याच जोरावर जगतो. पण हवेसाठी वर येणे म्हणजे शिकाऱ्याला जागा दाखवणे. पाण्यावर गोल उमटतो, शिकारी तिथे नजर लावून बसतो, आणि पुढच्या घोटाला मासा वर आला की तीर सुटतो. मासा पृष्ठभागालगत असतो तेव्हा अपवर्तनाची चूकही जवळजवळ नाहीशी होते. जाळ्यातून निसटण्यात पटाईत असलेला हा मासा तीराला सापडतो तो असा.

मरळाची दुसरी सवय याहून नाजूक आहे. पावसाळ्याच्या तोंडाला आणि पावसाळ्यात नर-मादी उथळ पाण्यात गवताआड अंडी घालतात आणि मग दोघे मिळून राखण करतात. पिले नारिंगी-तांबडी, शेकड्यांनी एकत्र, पृष्ठभागालगत गोळा होऊन फिरतात. त्यांच्या खाली आईबाप. पिलांच्या जवळ काहीही आले तरी ते अंगावर धावतात, पळून जात नाहीत. म्हणजे ज्या वेळी मरळ मारणे सर्वांत सोपे असते, नेमक्या त्याच वेळी तो मारणे सर्वांत घातक. आईबाप गेले की तांबडा गोळा लवकरच दुसऱ्या माशांच्या आणि पाखरांच्या पोटात जातो. एका तीरात शेकडो मासे संपतात. पिले घेऊन फिरणारा मरळ मारू नये, हे शिकवणारा वडीलधारा माणूस सोबत असणे म्हणूनच नेमबाजी शिकवणाऱ्याहून जास्त मोलाचे आहे. गोंड समाजात मामाच्या घरी मुलगी देण्या-घेण्याची रीत जुनी. तिथे मामा आणि भाचा एकमेकांना आयुष्यभर बांधलेले असतात, एकाच नदीवर खातात. भाच्याने आज डोह रिकामा केला तर उद्या त्याच्याच दोन्ही घरांना मासा मिळणार नाही, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

सोबतीचे आणखी एक कारण आहे, ते जिवाचे. जगात इतरत्र, विशेषतः समुद्रात, श्वास रोखून बुडी मारून भाल्याने मासे मारण्याचा छंद आहे. डोळ्यांवर सपाट काचेचा मुखवटा असला की मासा एक तृतीयांशाने मोठा आणि पाव हिश्शाने जवळ दिसतो, म्हणून तिथे वेगळा अंदाज शिकावा लागतो. या छंदात जीव जातात ते बहुतेक एकाच कारणाने. बुडीपूर्वी भराभर खोल श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. श्वास घ्यावासा वाटणे हे मुख्यतः त्याच वायूवर अवलंबून असते, प्राणवायूवर फारसे नाही. त्यामुळे प्राणवायू संपत आला तरी माणसाला गुदमरल्यासारखे वाटत नाही. वर येताना पाण्याचा दाब उतरतो, दहा मीटरवर जो दुप्पट असतो तो पृष्ठभागावर निम्मा होतो, फुप्फुसातल्या प्राणवायूचा दाबही तसाच पडतो, आणि काही सूचना न मिळता शुद्ध हरपते. म्हणून तिथला पहिला नियम असा की एक खाली तर दुसरा वर. वर आलेल्यावर अर्धा मिनिट तरी नजर ठेवायची, कारण शुद्ध कधीकधी वर आल्यानंतरही जाते. आपल्या नद्यांच्या डोहांत कोणी तितके खोल जात नसले तरी मुले बुड्या मारतातच. खडकाखालच्या कपारी, पुराने आणलेली झाडे, तुटके जाळे यांत अडकायला दोन मीटर पाणीही पुरते. काठावर पोहता येणारे, लक्ष ठेवणारे दुसरे माणूस असल्याखेरीज कोणीही डोहात उतरू नये.

आता या विद्येचे भविष्य पाहू, आणि इथे मला स्पष्ट बोलायचे आहे. तीर आणि भाला हे मासेमारीचे सर्वांत निवडक साधन आहे. कोणता मासा घ्यायचा, केवढा घ्यायचा, हे मारण्याआधी ठरते. चुकून दुसरे काही मरत नाही. उलट टोकाला विषाची मासेमारी आहे. गेळफळ, हिंगणबेट, कुंभा अशा झाडांची फळे आणि साली कुटून आटत्या डोहात टाकण्याची पद्धत मध्य भारतात जुनी आहे. त्यांतली द्रव्ये माशांच्या कल्ल्यांवर आघात करतात आणि मासे गुंगून वर येतात. ती एखाद्या लहान डोहापुरती, वर्षातून एखाद्या वेळी, सगळ्या गावाने मिळून केली जाई तेव्हाही पिले मरतच. आता तिथे कीटकनाशकाची बाटली आली आहे आणि बॅटरीवरचा विजेचा झटका आला आहे. या दोन्हींनी डोहातले मोठे-लहान, खाण्याचे-न खाण्याचे सगळे जाते, आणि ते पाणी जनावरे पितात, माणसेही पितात. विष आणि सुरुंग यांनी मासे मारायला १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमापासून बंदी आहे. ती कागदावर सव्वाशे वर्षांहून जास्त काळ आहे.

भाला निर्दोष आहे असेही नाही. डोळ्यांनी निवडायचे तर माणूस मोठाच मासा निवडतो, आणि मोठी मादी लहान मादीच्या कितीतरी पट अंडी देते. पूर्वी रात्री मशालीच्या उजेडात हे होई. आता डोक्यावर बांधायचे एलईडी दिवे आले, त्यांच्या झोतात मासा दिपून जागीच थांबतो, आणि एका रात्रीत डोहातले सगळे मोठे मासे उचलणे सोपे झाले आहे. साधन जुने राहिले, उजेड बदलला, आणि त्याबरोबर हिशेबही बदलला. यावर मर्यादा घालणे गावाच्या हातात आहे.

गावाच्या हाताबाहेरचेही बरेच आहे. वैनगंगेवर गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. त्याखालच्या नदीचा प्रवाह आता दरवाज्यांवर चालतो. सिरोंच्यासमोर गोदावरीवर तेलंगणाचा मेडीगड्डा बंधारा २१ जून २०१९ रोजी सुरू झाला. २०२३ पर्यंत त्याचे ८५ दरवाजे बंद होत तेव्हा फुगवटा प्राणहितेत मागे चढे आणि उथळ, वाहते, तळ दिसणारे पाणी खोल आणि संथ होई. धरण-बंधाऱ्यांमुळे चढणीच्या माशांना भिंत आडवी येते. वाळूच्या उपशाने पाणी हिवाळ्यातही गढूळ राहते आणि मासे जिथे अंडी घालतात ती उथळ जागाच जाते. जाळ्याचा धंदा अशा पाण्यातही कसाबसा चालतो. भाल्याचा चालत नाही. ज्या डोहाचा तळ दिसेनासा झाला, तिथे ही विद्या एका पिढीत संपते.

अभयारण्यांचे नियम वेगळे आहेत आणि ते पाळलेच पाहिजेत. ताडोबाच्या तलावात मगरी आहेत आणि तिथे मासेमारीला मनाई आहे. पण अभयारण्याबाहेरच्या नदी-नाल्यांवर गावांना कायद्याने बरेच काही दिले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये पाण्यातले मासे आणि इतर उत्पादन वापरण्याचा सामूहिक हक्क स्वच्छ शब्दांत लिहिला आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या लहान जलसाठ्यांचे नियोजन आणि व्यवस्थापन योग्य पातळीवरच्या पंचायतींकडे सोपवले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला, तो देशातल्या पहिल्यांपैकी. त्यानंतर गडचिरोलीत शेकडो ग्रामसभांनी तसे हक्क घेतले. बांबू आणि तेंदूपत्त्याचे हिशेब या ग्रामसभा आता स्वतः करतात. डोहाचा हिशेब मात्र फार थोड्या ठिकाणी होतो, आणि तो व्हायला हवा. पिले घेऊन फिरणारा मरळ मारायचा नाही, विष आणि वीज वापरायची नाही, निदान एक डोह वर्षभर राखून ठेवायचा, असे ठराव करायला कोणाची परवानगी लागत नाही.

आणि शिक्षकांना एक विनंती. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रकाशाच्या अपवर्तनावर संपूर्ण प्रकरण आहे. आश्रमशाळांतून ते काचेच्या ठोकळ्यावर आणि टाचण्यांवर शिकवले जाते. ठोकळा नसला तर नुसत्या आकृतीवर. त्या वर्गात अशी मुले बसलेली असतात ज्यांचा हात अपवर्तनांक जाणतो, फक्त त्यांना कोणी तसे सांगितलेले नसते. हिवाळ्यात, पाणी निवळल्यावर, तो तास नदीवर घ्या. बांबूची काठी पाण्यात तिरपी धरा, तळाला एक खडा ठेवा, मुलांना नेम धरायला सांगा, मग तीच आकृती वाळूवर काढा. आणि त्या दिवशी एखाद्या मुलाच्या मामाला किंवा काकाला बोलवा. खडा दिसतो तिथे का नसतो, ते आधी त्यांना सांगू द्या.